सात दिवसांना पर्याय नाही : स्काऊट-गाईड पथके चालवणाऱ्या शिक्षण संस्थांना खुले पत्र

प्रति,
शाळांमध्ये स्काऊट-गाईड पथके चालवणाऱ्या शिक्षण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, शालेय समित्यांचे सदस्य आणि मुख्याध्यापक यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या भागातील एका शिक्षण संस्थेने या शैक्षणिक वर्षासाठी घेतलेला निर्णय मला गप्प राहून स्वीकारता येत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. संस्थेच्या कोणत्याही शिक्षकाला किंवा शिक्षिकेला स्काऊट मास्टर वा गाईड कॅप्टन (मुलांच्या वा मुलींच्या पथकाचे प्रमुख) यांच्या बेसिक कोर्ससाठी सात दिवस कार्यमुक्त करायचे नाही. त्याऐवजी एका शनिवारी दुपारी सभागृहात उद्बोधन वर्ग घ्यायचा आणि त्याला हजर राहिलेल्यांकडे पथके सोपवायची, असे ठरले आहे. पथकांची वार्षिक नोंदणी नेहमीप्रमाणे होईल, पालकांकडून गणवेश, स्कार्फ आणि वॉगलचे (स्कार्फ अडकवण्याच्या कड्याचे) पैसे घेतले जातील, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात मुले रांगेत उभी राहतील. मुलांना घेऊन डोंगरावर, नदीकाठी आणि मुक्कामी शिबिराला जाणारी व्यक्ती मात्र त्यासाठी तयार झालेली नसेल. त्या संस्थेचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण तिने जे ठरावात लिहिले तेच इतर पुष्कळ शाळांमध्ये कोणताही ठराव न करता वर्षानुवर्षे चालू आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे.

या प्रश्नाशी माझा संबंध दोन बाजूंनी येतो. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून गाईड कॅप्टन आहे. बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज (पथकप्रमुखांच्या प्रशिक्षणातली वरची पायरी) या क्रमाने माझे प्रशिक्षण झाले. आता सुट्टीत भरणाऱ्या बेसिक कोर्समध्ये मी प्रशिक्षकांच्या मदतीला जाते. दुसरीकडे, माझी मुलगी ज्या शाळेत पाचवीत शिकते ती शाळा हा निर्णय घेणाऱ्या संस्थेचीच आहे. बुलबुलचे (गाईडच्या आधीच्या लहान मुलींच्या गटाचे) वय संपवून ती यंदा गाईड पथकात आली. ज्या बाईंबरोबर ती पहिल्या मुक्कामी शिबिराला जाणार आहे, त्या कष्टाळू आहेत, मुलींना त्यांचा लळा आहे, आणि प्रशिक्षणाला पाठवा अशी विनंती घेऊन त्या स्वतः मुख्याध्यापकांकडे गेल्या होत्या. त्यांना नकार मिळाला. शिकायला तयार असलेल्या माणसाला शिकू न देणे, आणि तरीही जबाबदारी मात्र त्याच्यावरच टाकणे, हा त्या बाईंवरही अन्याय आहे.

बेसिक कोर्सच्या सात दिवसांत काय घडते, याची कल्पना निर्णय घेणाऱ्यांना नसावी असे मला प्रामाणिकपणे वाटते; ती असती तर एका दुपारचा पर्याय कोणाला सुचलाच नसता. कोर्सला आलेल्या शिक्षकांचे सहा ते आठ जणांचे संघ पाडले जातात. त्यात पर्यवेक्षक असतात, नुकतेच नोकरीला लागलेले शिक्षणसेवक असतात, आणि संघात शिरल्यावर कोणाचा हुद्दा शिल्लक राहत नाही. सगळे तंबूत राहतात, पहाटे उठून स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल (बी.पी.) यांचे सहा व्यायाम करतात, ध्वजवंदनाआधी तंबूची आणि गणवेशाची तपासणी देतात, आपली चूल आपण मांडतात. संघनायकपद आळीपाळीने प्रत्येकाकडे येते. मुलांनी जे करावे अशी आपली अपेक्षा असते, ते सारे मोठ्यांनी आधी स्वतःच्या अंगावर घ्यायचे, ही या प्रशिक्षणाची पद्धत आहे. रात्री पाऊस आला आणि तंबूभोवतीची चारी उथळ खणलेली असली, तर अंथरूण भिजलेली शिक्षिका पुढे आयुष्यात कधीही मुलींच्या तंबूची चारी पाहिल्याशिवाय झोपायला जात नाही.

हातांनी शिकायच्या गोष्टी तर आहेतच. रीफ गाठ सपाट बसते म्हणून त्रिकोणी पट्टी बांधताना ती वापरतात. एक वळसा उलटा गेला की तिची ग्रॅनी नावाची चुकीची गाठ होते आणि ताण आला की सरकते. दोन्ही गाठी लांबून सारख्याच दिसतात. बोलाइन या गाठीचा फास आवळत नाही, म्हणून विहिरीत पडलेल्या माणसाच्या काखेखालून तीच बांधायची असते. होकायंत्र धरून नकाशा दिशेला लावणे, झोळी आणि बांबूंचे स्ट्रेचर करणे, बिनभांड्यांचा स्वयंपाक, शेकोटीची मांडणी, आणि शिबिर उठवताना ती जागा आधी होती तशी करून ठेवणे, यांतले काहीही पडद्यावरच्या चित्रांवरून येत नाही. सभागृहात खुर्च्यांवर बसलेल्या ऐंशी शिक्षकांना एकेक दोरी वाटली, तरी कोणाची गाठ चुकली हे पाहायला तेथे कोणी नसते.

तरीही माझ्या मते गाठी आणि तंबू हा या कोर्सचा गाभा नव्हे. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येक संघात खटका उडतो. पातेली कोणी घासायची, पाणी आणायची पाळी कोणी चुकवली, कालच्या संघनायकाने आपल्या मैत्रिणीलाच हलके काम का दिले, अशी कारणे असतात. त्या वेळी प्रशिक्षक मध्ये पडत नाहीत. संघाला एकत्र बसून आपापसांत निकाल लावू देतात. वर्गात एका इशाऱ्याने शांतता आणण्याची सवय असलेल्या आम्हा शिक्षकांना ते पाहवत नाही. पण स्काऊटिंगमध्ये मोठ्या माणसाचे खरे कौशल्य हेच आहे की मुलांच्या हाती काम देऊन आपण दोन पावले मागे उभे राहायचे, नजर मात्र ढळू द्यायची नाही, आणि धोका असेल तेथेच पुढे यायचे. संघ पद्धती म्हणतात ती हीच. हे ज्याला उमगले नाही तो पथकाचे रूपांतर शारीरिक शिक्षणाच्या आणखी एका तासात करतो. सावधान, विश्राम, टाळ्या आणि घरी, एवढेच मग मुलांच्या वाट्याला येते, आणि आठवीत गेल्यावर ती पथक सोडून देतात. मुलांना रस नाही, असा शेरा तेव्हा आपण मारतो.

मोठ्यांना शिकवण्याची ही गरज चळवळीच्या अगदी सुरुवातीलाच ओळखली गेली होती. बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर घेतले, त्यानंतर चळवळ इतक्या वेगाने पसरली की मुले पुष्कळ आणि त्यांना सांभाळू शकणारी माणसे थोडी, अशी अवस्था झाली. विल्यम मॅक्लारेन या स्कॉटिश गृहस्थांच्या देणगीतून लंडनजवळ गिलवेल पार्कची जागा घेण्यात आली आणि सप्टेंबर १९१९ मध्ये तेथे स्काऊट मास्टरांचा पहिला वुड बॅज कोर्स झाला. त्यात १९ जण होते. तेही संघ करून, तंबूत राहूनच शिकले. आजही वुड बॅजच्या स्कार्फवर मॅक्लारेन घराण्याच्या चौकडीच्या कापडाचा तुकडा शिवलेला असतो. भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग आले तेव्हा ते भारतीय मुलांना खुले नव्हते. अ‍ॅनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांच्यासारख्या माणसांनी स्वतंत्र संघटना उभ्या करून आपल्या मुलांसाठी हे दार उघडले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाईड्स ही एकत्रित संघटना झाली आणि पुढच्या वर्षी गर्ल गाईड्स तिच्यात आल्या. पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रापासून जिल्ह्याच्या शिबिरापर्यंत प्रशिक्षणाची जी उतरंड आज उभी आहे, ती या सगळ्यांच्या श्रमांची आहे. शनिवारच्या एका दुपारच्या वर्गाला आपण त्याच प्रशिक्षणाचा पर्याय म्हणत आहात, याचे मला मनापासून दुःख होते.

आता माझ्या तक्रारी. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार मुलांच्या सुरक्षिततेची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका शाळेचे पथक एका किल्ल्यावर गेले होते. बरोबरचे शिक्षक प्रशिक्षित नव्हते. आदल्या आठवड्यात जाऊन जागा पाहून येण्याची पद्धत त्यांना कोणी सांगितलेली नव्हती. कड्याच्या पोटात आग्या मोहोळ होते आणि त्याच कड्याखाली मुलांनी भातासाठी चूल पेटवली. धूर वर गेला आणि माश्या उठल्या. मुले सैरावैरा पळाली, काही घसरली, आणि खाली उतरल्यावर सगळी आली की नाही हे कोणालाच सांगता येईना, कारण निघताना जोड्या लावलेल्या नव्हत्या. सुदैवाने सगळी वाचली. त्या शिक्षकांना दोष देण्याचे माझ्या मनातही नाही. सह्याद्रीत मुलांना घेऊन फिरणाऱ्याला कड्याखाली धूर करू नये, अंगाला उग्र अत्तर लावून येऊ देऊ नये, माश्या उठल्याच तर डोके-तोंड झाकून त्या जागेपासून लांब जावे, आणि एखाद्या मुलाचे ओठ सुजून श्वास अडकू लागला तर काट्यांचा विचार करत न बसता थेट रुग्णालय गाठावे, हे माहीत असलेच पाहिजे. ते शिकवण्याची एक ठरलेली जागा आहे आणि तेथे त्यांना पाठवलेच गेले नव्हते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, ती घटना आपण कोणीच विसरलेलो नसू. ते पथक स्काऊटचे नव्हते, पण पाण्याजवळ मुलांना नेणाऱ्याने भरती-ओहोटीची वेळ आधी विचारणे, पाण्यात उतरण्याची हद्द आखणे आणि काठावर पहारा ठेवणे हे स्काऊट मास्टरच्या प्रशिक्षणातले नित्याचे धडे आहेत.

सुरक्षिततेची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे, आणि आपल्याकडे तिच्याविषयी बोलायला माणसे संकोचतात. शिबिरात मोठी माणसे मुलांबरोबर रात्रंदिवस असतात. मुला-मुलींच्या तंबूत कोणी केव्हा जायचे, एखाद्या मुलीशी एकटीने बोलायचे तर कोठे बसायचे, छायाचित्रे कोणी काढायची, मुलाने काही सांगितले तर त्याला उलटतपासणीचे प्रश्न न विचारता ते कसे ऐकून घ्यायचे, याला नियम आहेत आणि ते प्रत्येक प्रौढाने आधी शिकले पाहिजेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अशा अपराधाची माहिती किंवा शंका असलेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे शिक्षापात्र आहे. कितीतरी शिक्षकांना, तक्रार आधी संस्थेच्या सचिवांकडे न्यायची असते, असे आजही वाटते. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधील घटनेनंतर शाळांमध्ये कॅमेरे बसवण्याची घाई झाली. डोंगरावरच्या शिबिरात कॅमेरा नसतो, तेथे शिकवून तयार केलेला प्रौढच असतो. जागतिक स्काऊट जांबोरीला (जगभरच्या स्काऊटांच्या मेळाव्याला) जाणाऱ्या प्रौढांना ‘सेफ फ्रॉम हार्म’ हा बाल-संरक्षणाचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा लागतो. आपल्या तालुक्याच्या मेळाव्याला येणाऱ्यांकडूनही तेवढीच अपेक्षा का नसावी?

दुसरी तक्रार माणसे निवडण्याच्या रीतीची. ही स्वेच्छेची चळवळ आहे, पण जून महिन्यात कामाचे वाटप करताना जो शिक्षक सर्वांत नवा असेल किंवा ज्याचे तास कमी भरत असतील, त्याच्या नावापुढे स्काऊट लिहिले जाते. त्याची इच्छा विचारली जात नाही. पथकात ३२ पेक्षा जास्त मुले असू नयेत असे संघटनेचा नियम सांगतो; आपल्याकडे अख्खी तुकडी एका माणसाच्या हवाली होते. आणि ज्याने पदरमोड करून कोर्स केला, त्याला पुढच्या वर्षी दुसऱ्या कामावर घेतले जाते किंवा त्याची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली होते, मग त्याचे पथक बंद पडते.

तिसरी तक्रार रजेची आणि पैशांची, ती थोडक्यात सांगते. निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामाला शिक्षक एका आदेशावर मोकळे होतात आणि शाळा चालू राहते. बेसिक कोर्सचे पत्र आले की मात्र अभ्यासक्रम मागे पडण्याची चिंता उभी राहते. हे कोर्स बहुधा सुट्टीतही भरतात. तेव्हा जाणाऱ्याला त्या दिवसांची बदली रजा मिळत नाही, शिबिर शुल्क आणि प्रवासभाडे खिशातून जाते, आणि सेवापुस्तकात साधी नोंदही होत नाही.

चौथी गोष्ट स्त्रियांची आहे. तिच्यावर मला जरा थांबायचे आहे. गाईड कॅप्टन मिळत नाहीत, ही ओरड प्रत्येक जिल्ह्यात ऐकू येते. कारणे आमच्या कोर्सच्या पहिल्याच रात्री कळतात. तान्हे मूल घरी ठेवून सात रात्री बाहेर राहणे अनेकींना शक्य नसते आणि मुलाला बरोबर आणण्याची सोय कोणी विचारात घेतलेली नसते. शिबिराच्या जागी स्वच्छतागृहे पुरेशी नसतात, रात्री तेथवर जाण्याच्या वाटेवर दिवा नसतो. सासरी परवानगी मागताना संस्थेचे अधिकृत पत्र हाती असेल तर बोलणे सोपे जाते, तेही वेळेवर दिले जात नाही. माझ्या पथकातून बाहेर पडलेल्या मुलींपैकी एक आज परिचारिका आहे, एक बँकेत आहे. दोघींनाही गाईड कॅप्टन व्हायचे आहे. पण त्या शिक्षिका नाहीत, म्हणून त्यांच्या शाळेने त्यांना दारातूनच परत पाठवले. संघटनेच्या रचनेत शाळेबाहेरच्या खुल्या गटांना जागा आहे आणि शाळेच्या पथकालाही बाहेरचा प्रौढ मदतनीस घेता येतो. निवृत्त सैनिक, वनखात्यातले कर्मचारी, गिर्यारोहण करणारे तरुण, पथकात वाढून मोठे झालेले रोव्हर आणि रेंजर (तरुण-तरुणींच्या गटांचे सदस्य), अशी माणसे गावोगाव आहेत. त्यांची चौकशी करून, चारित्र्य पडताळणी करून, त्यांना त्याच सात दिवसांतून नेले, तर शिक्षकांवरचा भार हलका होईल.

आणखी एक बाब लिहिल्याशिवाय राहवत नाही. राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. हे योग्यच आहे, कारण प्रथम सोपानापासून (कसोट्यांच्या पहिल्या पायरीपासून) तेथवर पोहोचायला मुलांना काही वर्षे खपावे लागते. पण पथक चालवणाऱ्यालाच सोपानांच्या कसोट्या माहीत नसल्या, तर न झालेली शिबिरे आणि न केलेल्या पदभ्रमणाच्या नोंदी वहीत उतरवल्या जातात, आणि तृतीय सोपानाचा बिल्ला लावलेल्या मुलीला साधी झोळी बांधता येत नाही. मुलांच्या हाताने खोटे लिहून घेणे हे स्काऊट-गाईड वचनाच्या नेमके विरुद्ध आहे. प्रशिक्षित कॅप्टन ते करू धजत नाही, कारण तिने स्वतः त्या कसोट्या दिलेल्या असतात.

आपली बाजू मी ऐकली आहे. वर्गावर बदली शिक्षक नसतो, वेतनेतर अनुदान अपुरे आणि उशिरा येते, एका शाळेतून दोघे एकदम गेले तर वेळापत्रक कोलमडते. या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच माझ्या मागण्या वर्षभरात पुऱ्या होऊ शकतील एवढ्याच आहेत.

शनिवारच्या वर्गावर पथके सोपवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला आहे त्यांनी तो मागे घ्यावा. असा वर्ग ओळख करून देण्यासाठी जरूर ठेवावा, पण बेसिक कोर्स पूर्ण केलेली व्यक्ती बरोबर असल्याशिवाय कोणतेही पथक शाळेच्या आवाराबाहेर मुक्कामाला जाऊ नये. ज्यांची स्वतःची इच्छा आहे अशा शिक्षकांची नावे घ्यावीत, प्रत्येक शाळेतून वर्षाला निदान एकाला सात दिवस कर्तव्यावर समजून पाठवावे, सुट्टीत गेल्यास बदली रजा द्यावी, शुल्क आणि प्रवासखर्च संस्थेने करावा आणि सेवापुस्तकात नोंद घ्यावी. प्रशिक्षित माणूस किमान तीन वर्षे त्याच पथकावर राहील, असे कामाचे वाटप असावे. शिक्षक नसलेल्या प्रौढांना पडताळणी करून सहायक म्हणून घेण्याचा ठराव शालेय समितीने करावा. बाल-संरक्षणाचे नियम लेखी करून पालकांना द्यावेत, आणि शिबिराच्या संमतिपत्रावर सोबत जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे प्रशिक्षण कोणते झाले आहे ते लिहावे, म्हणजे पालकांना सही करण्यापूर्वी ते कळेल.

जिल्हा संघटकांनाही एक विनंती आहे. बेसिक कोर्सनंतर नव्या स्काऊट मास्टरला वा कॅप्टनला एकटे सोडू नका. पहिल्या वर्षी एखाद्या अनुभवी व्यक्तीने त्याच्या पथकाला दोन-तीनदा भेट द्यावी आणि त्याचे पहिले शिबिर तिच्या सोबतीने व्हावे. स्त्रियांच्या कोर्ससाठी जागा निवडताना स्वच्छतागृहे, दिवे आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय आधी पाहावी, जेवणाचा मेन्यू नंतर ठरवला तरी चालेल.

पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे की आमच्या मुलांबरोबर जाणाऱ्यांचा बेसिक कोर्स झाला आहे का. मी माझ्या मुलीच्या शाळेत हा प्रश्न लेखी विचारला आहे आणि उत्तर येईपर्यंत सही केलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीतील कोर्ससाठी नावे मागवणारे पत्र जिल्हा कार्यालयाकडून शाळांना येईल. तिच्या बाईंचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर आजही पडून आहे; त्यावर मंजुरीची सही व्हावी, ही माझी पहिली मागणी समजावी.

आपली विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक गाईड कॅप्टन आणि पालक